निळ्या ध्वजाचे सेवक

ज्यांच्या हातीं शस्त्र नसतें त्यांचें रक्षण कोणीं करावयाचें, हा प्रश्न युद्धाइतकाच जुना आहे. परक्या देशांत आर्तांच्या साहाय्यास गेलेल्या सेवकांस त्यांचा ध्वजच अभय देतो, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९ ऑगस्ट २००३ रोजीं बगदाद शहरांत या समजुतीस जबर धक्का बसला.

त्या दिवशीं दुपारीं साडेचारच्या सुमारास, संयुक्त राष्ट्रसंघाचें कार्यालय असलेल्या कॅनाल हॉटेलच्या भिंतीलगत स्फोटकांनीं भरलेली एक मालमोटार उडविण्यांत आली. बावीस माणसें मृत्युमुखीं पडलीं. शंभराहून अधिक घायाळ झालीं. संघाचे विशेष प्रतिनिधि सर्जिओ व्हिएरा द मेलो यांची खोली नेमकी त्याच बाजूस होती. ढिगाऱ्याखालीं ते कांहीं तास जिवंत होते. अमेरिकन सैनिकांनीं हातांनीं विटा उपसल्या. परंतु योग्य साधनें जवळ नव्हतीं, आणि अखेर त्यांची प्राणज्योत मालवली.

१९४८ सालीं ब्राझीलमध्यें जन्मलेले द मेलो १९६९ सालीं संघाच्या निर्वासित-साहाय्य खात्यांत दाखल झाले. बांगलादेशाच्या जन्माच्या धामधुमींत त्यांनीं तेथें काम केलें. पुढें सुदान, मोझांबिक, कंबोडिया, पूर्व तिमोर अशा पोळलेल्या देशांत त्यांचें आयुष्य गेलें. बगदादला ते अवघ्या चार महिन्यांकरितां आले होते. त्यांच्या समवेत इजिप्तच्या नादिया युनेस, अमेरिकेचे रिक हूपर यांच्यासारखे अनुभवी सहकारी गेले. मृतांत इराकी कर्मचारीही होते. परदेशांतून आलेल्यांस निदान मायदेशीं परत जाण्याची वाट होती; या इराकी सेवकांस तेंच शहर कार्यक्षेत्र होतें आणि तेंच घर. त्यांचीं नांवें जगाच्या ओठीं क्वचितच आलीं.

मागें राहिलेल्यांचा शोक केवळ अश्रूंचा नव्हता. त्यांत संतापही होता. इमारतीस पुरेसें संरक्षण कां नव्हतें, असें ते विचारूं लागले. यास एक उत्तर होतें. संघाच्या कार्यालयास किल्ल्याचें रूप येऊं नये, गाऱ्हाणें घेऊन येणाऱ्या सामान्य इराकी मनुष्यास दारांत रणगाडा पाहून परत फिरावें लागूं नये, ही त्यामागील भूमिका होती. हेतु उदात्त होता. पण दार उघडें ठेवणें निराळें आणि धोक्याकडे डोळेझांक करणें निराळें. फिनलंडचे माजी अध्यक्ष मार्टी आह्टिसारी यांच्या समितीनें ऑक्टोबर २००३ मध्यें हाच भेद स्पष्ट केला, आणि संघाची सुरक्षाव्यवस्था सदोष असल्याचा ठपका ठेवला. सरचिटणीस कोफी अन्नान यांनीं २००४ सालीं सुरक्षाप्रमुखांचा राजीनामा मागितला. उपसरचिटणिसांनीं स्वतः देऊं केलेला राजीनामा मात्र स्वीकारला नाहीं. सुरक्षेचें स्वतंत्र खातें २००५ सालीं उभें राहिलें. स्फोटानंतर आठवड्याभरांतच सुरक्षा समितीनें १५०२ क्रमांकाचा ठराव करून मदतसेवकांच्या रक्षणाचा पुकारा केला होता.

द मेलो यांचें दफन जिनिव्हा येथें झालें. कॅनाल हॉटेलवरील फाटका निळा ध्वज न्यूयॉर्कच्या मुख्यालयांत जपून ठेवण्यांत आला. डिसेंबर २००८ मध्यें संघाच्या आमसभेनें १९ ऑगस्ट हा जागतिक मानवतावादी दिन ठरविला.

तथापि, स्मारकांनीं मूळ पेंच सुटत नाहीं. बगदादनंतर अनेक ठिकाणीं सेवकांच्या कार्यालयांभोंवतीं भिंती उंच झाल्या, आणि जितकी भिंत उंच तितका दुःखी मनुष्य दूर. भिंत नसली तर सेवक मरतो. असली तर सेवा आंत कोंडली जाते. मृतांचें खरें ऋण फेडावयाचें तर या दोहोंमधील वाट शोधणें भाग आहे. ती शोधण्याचें दायित्व ज्यांनीं सेवकांस तेथें धाडलें त्यांचें आहे. एकट्या सेवकाच्या धैर्यावर तें सोंपवून चालणार नाहीं.