उन्हाळ्यात कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? घरच्या घरी धूळ काढा, पण 'या' चुका टाळा

उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरताय, कागदपत्रं स्कॅन करून झाली, ओटीपीही आला आणि कॉम्प्युटर अचानक बंद! पुन्हा चालू केला तर पाच-दहा मिनिटं चालतो, परत बंद. दुरुस्तीवाला तालुक्याच्या गावाला आणि अर्जाची शेवटची तारीख तोंडावर. सेवा केंद्र असो, शाळा असो की घर, दुपारच्या उन्हात असा अनुभव अनेकांना येतो.

अशा वेळी 'व्हायरस शिरला' किंवा 'मदरबोर्ड गेला' असं वाटतं. पण गावाकडं बऱ्याचदा कारण साधं असतं, ते म्हणजे धूळ. कच्चा रस्ता, मळणीचा भुसा, कापसाचे तंतू, पिठाची गिरणी, चुलीचा धूर हे सगळं पंख्याच्या ओढीनं मशीनच्या आत जातं. ही धूळ तासाभरात घरी काढता येते. मात्र चुकीच्या पद्धतीनं काढली, तर चालू मशीनही कायमचं बंद पडू शकतं.

धुळीनं कॉम्प्युटर बंद का पडतो?

आपण ज्या डब्याला 'सीपीयू' म्हणतो, तो खरं तर कॅबिनेट. त्याच्या आतल्या मदरबोर्डवर प्रोसेसर बसवलेला असतो. काम करताना प्रोसेसर तापतो. त्याची उष्णता काढून घ्यायला वर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा हीटसिंक आणि त्यावर पंखा असतो. या पात्यांच्या फटीत धूळ बसत गेली की तिचा नमद्यासारखा थर तयार होतो. मग पंखा फिरतो, पण हवा आरपार जात नाही.

तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की बहुतेक प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतात. तरीही ताप उतरला नाही तर मशीन बंद होतं. म्हणजे ते जळू नये म्हणून स्वतःला वाचवत असतं. पण असं वारंवार झालं की फाइल आणि हार्ड डिस्क खराब व्हायचा धोका असतो.

धूळ साठल्याची लक्षणं:
- सकाळी मशीन नीट चालतं, दुपारी मंद होतं किंवा बंद पडतं.
- पंख्याचा आवाज वाढलाय, पण मागून हवा कमी येते.
- कॅबिनेटच्या जाळीवर राखाडी थर दिसतो.

काय सामान लागेल?

- फुलीच्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर
- रंगकामाचा एक इंची किंवा दोन इंची नवा, कोरडा, मऊ केसांचा ब्रश
- कोरडं सुती कापड
- तोंडाला मास्क किंवा रुमाल
- मिळाला तर कॉम्प्युटर दुरुस्तीवाले वापरतात तो हवेचा ब्लोअर

आधी वीज तोडा, मगच स्क्रू खोला

१. महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. मग कॉम्प्युटर नेहमीसारखा शट डाउन करा.

२. नुसतं बोर्डाचं बटण बंद करून भागत नाही. मशीन यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर असेल तर लाइट गेलेली असतानाही त्यात वीज येते. म्हणून कॅबिनेटच्या मागची पॉवर केबलच काढून बाजूला ठेवा.

३. केबल काढल्यावर कॅबिनेटचं चालू करायचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा. मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते.

४. बाकीच्या वायरी काढण्याआधी मोबाइलनं मागच्या बाजूचा फोटो काढा. कोणती पिन कुठं होती, हे परत जोडताना शोधत बसावं लागत नाही.

५. मशीन सावलीतल्या ओट्यावर किंवा पडवीत लाकडी टेबलावर आडवं ठेवा. चटई, सतरंजी किंवा ब्लँकेटवर नको. काम करताना नायलॉनचे किंवा लोकरीचे कपडेही नकोत. घासल्यानं तयार होणारी स्थिर वीज आपल्याला जाणवत नाही, पण नाजूक चिप खराब करू शकते. हवा कोरडी असली की हा त्रास जास्त. म्हणून आतल्या भागाला हात लावण्याआधी, आणि मध्येमध्येही, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावत राहा.

धूळ काढायची पद्धत

बहुतेक कॅबिनेटमध्ये समोरून पाहिल्यावर डाव्या हाताचा पत्रा उघडतो. मागचे दोन स्क्रू काढून पत्रा मागं सरकवा. वॉरंटीचं सील लावलेलं असेल तर ते तोडण्याआधी दुकानदाराला विचारा.

आता मोबाइलच्या टॉर्चनं आत नीट बघा. उंदराचं घरटं किंवा लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. हातमोजे आणि मास्क लावून आधी त्या चिमट्यानं उचला. वायर कुरतडलेली असेल तर मशीन चालू न करता थेट दुरुस्तीला द्या.

- ब्रश वरून खाली, हलक्या हातानं फिरवा. धूळ आत ढकलू नका, बाहेरच्या दिशेनं काढा.
- प्रोसेसरच्या पंख्याचं पातं एका बोटानं धरून ठेवा आणि ब्रशचे केस पात्यांमधून हीटसिंकपर्यंत न्या. सगळ्यात जास्त धूळ इथंच अडकलेली असते.
- ब्लोअर असेल तर एक फूट अंतरावरून थोडी थोडी हवा मारा. तेव्हाही पंखा बोटानं धरलेलाच हवा. मोकळा सोडला तर तो प्रमाणाबाहेर जोरात फिरतो. त्यानं बेअरिंग खराब होतं आणि उलट वीज तयार होऊन मदरबोर्डकडं जाऊ शकते.
- हीटसिंक उपसून काढू नका. त्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये थर्मल पेस्ट असते. हीटसिंक एकदा उचलला की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते.
- पुढची-मागची जाळी आणि पेन ड्राइव्हची भोकं कोरड्या ब्रशनं साफ करा.

एसएमपीएस उघडू नका, जिवाशी खेळ नको

पॉवर केबल ज्या पत्र्याच्या चौकोनी डब्यात लागते तो एसएमपीएस. याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या घरात वीज साठते आणि केबल काढल्यावरही ती काही काळ टिकून राहू शकते. कॉम्प्युटरमध्ये माणसाच्या जिवाला खरा धोका असलेली जागा हीच. त्याचे स्क्रू खोलू नका. जाळीतून तार, पेन्सिल, पिन काहीही आत घालू नका. बाहेरून जाळीवर ब्रश फिरवा आणि ब्लोअरची हवा मारा, तेवढं पुरे. आत पाल मरून अडकली असेल तरी ते काम जाणकाराचंच.

हात लावला की झिणझिण्या येतात?

चालू मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर साफसफाईनं ते थांबणार नाही. तो दोष बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो. एसएमपीएसमधल्या फिल्टरची थोडी वीज पत्र्यावर येते आणि ती जमिनीत उतरायला वाट नसली की अंगाला जाणवते. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन तोडणं किंवा दोन पिनांचा जोड लावणं ही सवय अनेक घरांत आहे. ती सोडा. वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. एसएमपीएसच खराब असेल तर नुसत्या झिणझिण्यांवर भागणार नाही.

या चुका करू नका

- पंक्चर दुकानातली हवा: त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी आणि तेलाचा अंश असतो आणि हवेचा दाबही फार असतो. धूळ जाईल, पण ओल बोर्डावर बसेल.
- घरचा व्हॅक्यूम क्लीनर: त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते. आतल्या भागाजवळ तो नेऊ नका.
- तोंडानं फुंकर: थुंकीचे कण बोर्डावर पडतात.
- ओलं फडकं, सॅनिटायझर, रॉकेल: आत कोरडीच साफसफाई करायची.
- हेअर ड्रायरची गरम हवा: प्लॅस्टिकचे भाग आणि जोड खराब होऊ शकतात.
- पत्रा उघडा ठेवून शेजारी टेबल फॅन: यानं धूळ दुपटीनं जाते, पाली-उंदरांना वाट मिळते आणि लहान मुलांचा हात आत जाऊ शकतो.

चालू केल्यावर

पत्रा लावा, फोटो बघून वायरी जोडा आणि पॉवर केबल सगळ्यात शेवटी लावा. चालू केल्यावर बीप-बीप आवाज आला पण स्क्रीनवर काही दिसलं नाही, तर बऱ्याचदा रॅम हललेली असते. मशीन बंद करून पॉवर केबल काढा आणि रॅमची पट्टी दोन्ही टोकांनी 'टक्' आवाज येईपर्यंत सरळ दाबा.

तारीख-वेळ चुकीची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असू शकतो. बहुतेक मशीनमध्ये तो ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. तारीख चुकली की अनेक सरकारी वेबसाइटही उघडत नाहीत.

धूळ काढूनही मशीन तापून बंद पडत असेल, तर थर्मल पेस्ट वाळलेली असेल किंवा पंखा कमजोर झाला असेल. आता दुरुस्तीवाल्याकडं न्या आणि काय काय करून पाहिलं ते त्याला सांगा.

पुन्हा धूळ साठू नये म्हणून

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, टेबलावर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा. मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब असू द्या. चालू मशीनवर कापड झाकू नका, बंद केल्यावर झाका. शेजारी उदबत्ती नको. रस्त्याकाठच्या दुकानात किंवा गिरणीजवळ दर तीन महिन्यांनी, इतर ठिकाणी सहा महिन्यांनी साफसफाई पुरते. त्यातली एक मळणीचा हंगाम उरकल्यावर, ऊन वाढायच्या आत करून घ्या. म्हणजे दाखल्यांच्या आणि प्रवेशाच्या गर्दीत मशीन दगा देणार नाही.