भित्तिपत्रकावरचा पॅलेस्टाईन

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होतो. दोन विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रकावर पॅलेस्टाईनविषयी लेख लावला. १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा, १९४८ साली घरादाराला पारखे झालेले सात लाखांवर लोक, गाझातील मृतांची संख्या; एवढेच त्यात होते. दुपारी निरोप आला, ‘काढून टाका. आपल्याकडचे प्रश्न संपले का?’ लेख मीच काढला. घरातला पहिला पदवीधर, दरवर्षी नव्याने मागावी लागणारी नोकरी. कारणे मला पाठ आहेत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. जेनिनच्या निर्वासित छावणीतील मुलांच्या नाटकघरावरचा ‘अर्नाज चिल्ड्रन’ हा माहितीपट वर्गात दाखवला गेला, रंगकर्मी सुधन्वा देशपांडे बोलले, आणि तक्रार पोलिसांपर्यंत गेली. पाठोपाठ अचिन वनाईक यांचे या प्रश्नाच्या इतिहासावरील व्याख्यान रद्द झाले. जुलै २०२५ मध्ये गाझासाठी आझाद मैदानावर निदर्शने करू देण्याची याचिका फेटाळताना मुंबई उच्च न्यायालयानेही आपल्या देशाचे प्रश्न पाहा, असेच सुनावले. (पुढच्या महिन्यात तिथेच निदर्शने झाली, ही गोष्ट निराळी.)

‘आधी आपले पाहा’ हा युक्तिवाद आपल्या चळवळीतही ऐकू येतो. खैरलांजीच्या वेळी यांतले किती जण रस्त्यावर आले, असे कार्यकर्ते विचारतात. तो राग खोटा नाही. पण २ जुलै १९४६ चे बाबासाहेबांचे पत्र आठवावे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी ड्यू बॉईस यांच्याकडे मागितल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे नेण्याचा विचार होता. त्याच महिन्यात ड्यू बॉईस यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. १९७२ साली पँथरने तर नावच तिकडचे घेतले. आपले गाऱ्हाणे जगाच्या कानी घालायचे आणि जगाचे आले की कान झाकायचे, हे कसे?

शिवाय परिसरावरचे नियम आवळले की आधी कोण सापडतो? दिल्लीतील मोर्चात गेला म्हणून आणि इतर काही कारणे दाखवून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केलेला पीएच.डी.चा विद्यार्थी दलित होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयामुळे तो परत शिकू लागला.

परवा तेच दोघे आले. ‘सर, बाबासाहेब आणि ड्यू बॉईस यांच्या पत्रांवर लेख लावला तर चालेल? शेवटी पॅलेस्टाईन येईल.’ मी हो म्हटले आहे.