‘विकारविलसित’मधील चंद्रसेन : एक तळटीप

१. चंद्रसेन : म्हणजे शेक्सपिअरचा हॅम्लेट. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले; तिथे त्यांनी ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर काम केले आणि 1883 मध्ये ते ‘विकारविलसित’ नावाने प्रसिद्ध झाले. बापाचा खुनी कोण हे कळूनही हा राजपुत्र सूड का लांबवतो? गटेला तो ओझ्याखाली मोडणारा कोवळा जीव वाटला, कोलरिजला अतिविचारी, ब्रॅडलीला खिन्नतेने ग्रासलेला. आगरकरांचे उत्तर माझ्या मते शीर्षकातच आहे : हा विकारांचा खेळ आहे. बुद्धिप्रामाण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाने असे नाव निवडावे, याचे मोल मला फार वाटते. राजपुत्राच्या आईवर, म्हणजे राणीवर, मात्र पुष्कळ टीकाकारांनी अन्याय केला. खुनाची तिला कल्पना होती, असे मूळ संहितेत कुठेच म्हटलेले नाही. सूडाच्याच संदर्भात आणखी एक मराठी रूपांतर आठवते : सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्याच ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले. तिथे प्रश्न उलटा आहे : संशयाने पेटलेला नवरा नीट चौकशी न करताच सूड घेतो आणि निरपराध पत्नी मरते. वाचकांनी ही दोन्ही नाटके लागोपाठ वाचावीत.