वरच्याने खालच्याला पाणी का द्यायचं? बालीतल्या एका धानाच्या गावाची गोष्ट

बालीचे फोटो आता आपल्याकडे कुणाच्याही मोबाईलमध्ये सापडतात. नवं लग्न झालेली जोडपी, झाडाला टांगलेले झोपाळे, देवळाचे दगडी दरवाजे आणि मागे हिरवीगार, पायऱ्यापायऱ्यांची भातशेती. ती शेती ज्या गावांची आहे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध गाव म्हणजे जातिलुविह. इंडोनेशियाच्या बाली बेटावर, ताबानान जिल्ह्यात, बातुकारू नावाच्या २,२७६ मीटर उंच ज्वालामुखीच्या दक्षिणेकडच्या उतारावर हे गाव आहे. गावाची उंची साधारण ७०० मीटर, आणि त्याच्या नावाने ओळखली जाणारी भातजमीन सुमारे ३०० हेक्टर. आपल्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढीच म्हणा ना.

पण या गावाच्या आणि त्याच्यासारख्या शेकडो गावांच्या पाटपाण्यावर जगभरच्या अभ्यासकांनी पुस्तकं लिहिली, संगणकावर मॉडेलं केली आणि एका मोठ्या बँकेला आपलं म्हणणं बदलावं लागलं. ते का, हे आपण धानपट्ट्यातल्या लोकांनी तरी समजून घ्यावं म्हणून आजची ही लांब पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी गावाची रचना. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर वर कुठेतरी बंधारा. तिथून पाट, आणि जिथे मध्ये डोंगर येतो तिथे बोगदा. हे बोगदे काही इंग्रज-डच आल्यावर खोदलेले नाहीत बरं का. इ.स. ८९६ च्या एका ताम्रपटात बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे आपल्याकडे यादवांचं राज्य यायचं होतं, तेव्हा तिकडे डोंगर पोखरून धानाला पाणी नेत होते. पुढे अकराव्या शतकातल्या लेखांत सिंचनाच्या संघटनेचं नावही येतं. आज तिला 'सुबाक' म्हणतात.

सुबाक म्हणजे एका पाटावर भिजणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची पंचायत. गावाच्या पंचायतीपेक्षा वेगळी. तुम्ही राहता कुठे याच्याशी तिचा संबंध नाही, तुमची बांधी कोणत्या पाटावर भिजते एवढंच ती बघते. तिचा प्रमुख तो 'पेकासेह'. त्याला सभासदच निवडतात. नियमांची लिखित पोथी असते, तिला 'आविग-आविग' म्हणतात. बैठकीला आला नाही, बंधाऱ्याच्या सफाईला आला नाही, पाणी चोरलं, तर दंड ठरलेला. पाणी मोजायची पद्धत तर इतकी साधी की हसू येईल: पाटात एक लाकडी ओंडका आडवा टाकायचा आणि त्याला ठरलेल्या रुंदीच्या खाचा पाडायच्या. ज्याचा जेवढा वाटा तेवढी त्याच्या खाचेची रुंदी. पाणी कमी आलं तर सगळ्यांचंच त्याच प्रमाणात कमी होतं. दरवाजा नाही, चावी नाही, चावीवाला साहेब नाही.

आणि जिथे पाणी फुटतं तिथे देऊळ. बंधाऱ्याशी छोटं, शेतात त्याहून छोटं, आणि वर वर जात बातुकारू पर्वताच्या अंगावरचं मोठं. पाणी सोडायच्या आधी पूजा, रोवणीला पूजा, लोंबीत दाणा भरला की पूजा, कणगीत धान गेलं की पूजा. धानाची देवी ती 'देवी श्री', म्हणजे आपलीच लक्ष्मी, समुद्र ओलांडून गेलेली. ताबानान भागात उंदरांचा फारच सुळसुळाट झाला तर शेतकरी मारलेल्या उंदरांचा माणसासारखा विधिवत दहनविधी करतात. बाहेरून आलेल्या माणसाला हे सगळं कर्मकांड वाटतं. डच अधिकाऱ्यांनाही तसंच वाटलं. १९०६ ला त्यांनी दक्षिण बाली जिंकला. ताबानानचा राजा शरण गेला आणि कैदेत त्याने आणि युवराजाने जीव दिला. डचांना सुबाकमध्ये रस होता तो मुख्यतः शेतसाऱ्यापुरता.

आता मुख्य मुद्दा. वरच्या शेतकऱ्याने खालच्याला पाणी का द्यावं?

आपल्याकडे हा प्रश्न विचारायचीही सोय नाही. कालव्याच्या टेलला पाणी पोचत नाही हे आपण गृहीतच धरलंय. वरचा भिजवून घेतो, खालचा निवेदन देतो, आणि आम्ही पत्रकार त्या निवेदनाची बातमी छापतो. बालीतही वरच्याच्या हातात बंधारा आहेच. मग तो खालच्याचं का ऐकतो? देवाच्या भीतीने? थोडंफार तेही असेल. पण खरं कारण आहे तुडतुडा.

हो, आपलाच तो तपकिरी तुडतुडा. धानाला किडे खातात ते एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उडत जातात. वरच्याने आज कापणी केली आणि खालचं धान अजून उभं असेल, तर वरचे किडे खाली उतरतात. खालचं कापलं की पुन्हा वर, तोवर वर नवी रोवणी झालेली असते. किड्याचं जेवण कधी बंदच पडत नाही. याला उपाय एकच: मोठ्या पट्ट्यात सगळ्यांनी एकाच वेळी रोवायचं, एकाच वेळी कापायचं आणि मग सगळी जमीन काही आठवडे पाण्याखाली रिकामी ठेवायची. किड्याला खायला काही नाही, मग तो मरतो. पण खालच्याने वरच्याबरोबर रोवायचं तर त्याला त्याच वेळी पाणी हवं. म्हणजे वरच्याला स्वतःचं धान वाचवायचं असेल तर खालच्याला पाणी द्यावंच लागतं. खालच्याला पाण्याची गरज, वरच्याला खालच्याच्या वेळापत्रकाची गरज. सौदा असा आहे.

यात अजून एक मेख आहे. अख्ख्या खोऱ्याने एकाच आठवड्यात रोवणी काढली तर चिखलणीला एवढं पाणी आणायचं कुठून? म्हणून खोऱ्याचे गट पाडायचे. गटाच्या आत सगळे एकत्र, पण गटागटात काही आठवड्यांचं अंतर. गट फार छोटे केले तर किडे वाढतात, फार मोठे केले तर पाणी पुरत नाही. मधला आकडा शोधायचा. तो शोधायची जागा म्हणजे ती देवळं. एका मोठ्या बंधाऱ्याच्या देवळाशी जेवढी सुबाक जोडलेली, तेवढ्यांचे पेकासेह तिथे जमून पुढच्या हंगामाचं ठरवणार. पूजेची तारीख ठरली की पाण्याची तारीख ठरली. कर्मकांड म्हणून ज्याला हसायचं ते खरं म्हणजे वेळापत्रक होतं.

हे कुणाला कळलं नव्हतं. शेतकऱ्यांना माहीत होतं, पण त्यांना विचारलं कुणी?

१९६३ ला बालीत आगुंग ज्वालामुखी फुटला. १९६५-६६ ला कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून इंडोनेशियाभर कत्तली झाल्या. एकट्या बालीत सुमारे ८० हजार माणसं मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. जमिनीच्या फेरवाटपाची मागणी करणारे त्यात कितीतरी होते. पुढची ३० वर्षं जनरल सुहार्तो यांची राजवट. पर्यटनाच्या पुस्तकात हा भाग नसतो, पण पुढचं समजायला तो लागतो. १९७० च्या दशकात सरकारी माणूस बांधावर येऊन 'असं रोवा' म्हणाला, तेव्हा 'नाही' म्हणायची हिंमत किती जणांत उरली असेल?

हरितक्रांतीचं पॅकेज घेऊन सरकार गावोगाव गेलं. फिलिपिन्सच्या संशोधन संस्थेतलं आयआर-८ सारखं बुटकं, लवकर येणारं बियाणं, सोबत खत, कीटकनाशक आणि कर्ज. आपल्याकडेही याच काळात हेच आलं, त्यामुळे जास्त सांगायला नको. फरक एवढाच की बालीत सोबत एक सूचनाही होती: ज्याला जेव्हा जमेल तेव्हा रोवा, वर्षात जितकी पिकं निघतील तितकी काढा, देवळाच्या तारखा सोडा. पहिली एक-दोन वर्षं उत्पन्न वाढलं. हे मान्य करायलाच हवं, कारण देशाला तांदूळ कमी पडत होता आणि भूक खरी होती.

मग पाण्याची ओढाताण सुरू झाली. पाठोपाठ तुडतुड्याने शेतंच्या शेतं जाळली. त्यावर आयआर-३६ हे तुडतुड्याला दाद न देणारं वाण आणलं, तर टुंग्रो हा विषाणूरोग आला. त्यालाही टिकेल असं पुढचं वाण आणलं, तर बुरशी आली. प्रत्येक वेळी नवं बियाणं, नवी फवारणी. फवारणीने तुडतुड्याला खाणारे कोळी आधी मेले आणि तुडतुडा उलट वाढला. १९८६ मध्ये सुहार्तो यांनाच धानावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. ज्या सरकारने औषधावर भरघोस अनुदान दिलं त्याच सरकारने.

त्याच सुमारास, १९७९ पासून, आशियाई विकास बँकेच्या पैशातून बालीचं सिंचन 'आधुनिक' करायचा प्रकल्प चालू होता. स्टीफन लान्सिंग हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा ही देवळं अभ्यासत होता. देवळांच्या तारखा हेच खरं पाणी-व्यवस्थापन आहे असं तो सांगत राहिला, पण अभियंत्यांना ते पटण्यासारखं नव्हतं. शेवटी त्याने जेम्स क्रेमर या पर्यावरणशास्त्रज्ञाला सोबत घेतलं आणि दोन नद्यांवरची १७२ सुबाक संगणकात घातली. पाऊस, पाण्याचा प्रवाह, धानाची वाढ, किडीची वाढ, सगळं. मग वेगवेगळ्या पद्धतीने वेळापत्रक लावून बघितलं: प्रत्येक सुबाक आपापलं, सगळे एकदम, आणि मधले सगळे प्रकार. सगळ्यात चांगलं उत्पन्न ज्या गटवारीला आलं, ती प्रत्यक्षातल्या देवळांच्या जाळ्याशी जवळपास जुळली. आणि ही गटवारी कुण्या राजाने वर बसून आखलेली नव्हती. शेजारच्याचं बघून, जमलं ते ठेवून, शेकडो वर्षांत ती आपोआप बसत गेली होती. बँकेने नंतर आपल्याच प्रकल्पाच्या मूल्यमापनात कबूल केलं की पारंपरिक व्यवस्थेची किंमत न कळल्याचा तोटा मोठा झाला.

पुढे अजून एक गोष्ट निघाली. बालीच्या ज्वालामुखी मातीतून पाझरून येणाऱ्या पाण्यातच स्फुरद आणि पालाश भरपूर असतं. पाटाचं पाणी म्हणजे निम्मं खतच. वरून पोत्याने टाकलेलं खत शेतातून ओढ्यात, ओढ्यातून समुद्रात, समुद्रातून तिथल्या प्रवाळांवर. शेतकऱ्याने त्यासाठी कर्ज काढलेलं असायचं.

जातिलुविह या सगळ्यात एका बाबतीत वेगळं राहिलं. तिथलं लाल भाताचं देशी वाण गेलं नाही. उंच वाढणारं, पाच-सहा महिने घेणारं, उताऱ्याला कमी, पण त्या उंचीवरच्या थंड हवेला मानवणारं. सुबाकने ठरवून ते वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून लावायचं ठेवलं, दुसऱ्या हंगामात लवकर येणारं वाण. सगळे एकदम लावतात म्हणून ते टिकलं. एकट्या कुणी लावलं असतं तर चिमण्यांनी आणि उंदरांनीच संपवलं असतं.

२०१२ ला युनेस्कोने बालीची सुबाक व्यवस्था जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. एकूण १९,५०० हेक्टर, जातिलुविह त्यातच. अर्जात 'त्रि हित करण' हे तत्त्वज्ञान ठळक होतं: देवाशी, माणसाशी आणि निसर्गाशी नीट नातं. नाव संस्कृत असल्याने हजार वर्षांपूर्वीचं वाटतं. हा शब्द रूढ झाला १९६० च्या दशकात. गोष्ट जुनी, पाटी नवी. चालायचंच.

२०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने उत्तम पर्यटन गावांच्या यादीत जातिलुविह घेतलं. गावात शिरताना तिकीट लागतं, त्यातला वाटा सुबाकलाही मिळतो. पण रस्त्याकडेला ज्याची बांधी आहे तो उपाहारगृह काढतो, गाडीतळ करतो. आत, खाली ज्याची बांधी आहे तो चिखलात उतरून तेच दृश्य राखतो ज्यासाठी लोक तिकीट काढतात. पाण्याच्या बाबतीत वरच्याला खालच्याची गरज होती, इथे तशी काही गरज नाही. किमान रस्त्याकडेच्याला अजून ती जाणवलेली नाही. दक्षिणेला किनाऱ्याजवळच्या चांगू भागात धानाच्या जागी बंगले उभे राहिले, तेव्हा पाट मध्येच तुटले आणि खालच्या शेतांना पाणी पोचेना. मग त्यांनीही जमिनी विकल्या. जातिलुविह वारशात असल्याने तिथे बांधकामावर निर्बंध आहेत. ते पाळायचे कुणी आणि मोडले तर कारवाई करायची कुणी, यावर तिथल्या पंचायतीत, जिल्ह्याच्या कचेरीत आणि शेतकऱ्यांत ओढाताण चालू असते. शेतकऱ्याचं म्हणणं साधं आहे: आमच्या शेताचे फोटो जगभर जातात, मग आमच्या पोराने शेतात का राहावं, ते सांगा. पोरं देनपसारला हॉटेलात कामाला जातात. रोवणीला म्हातारीकोतारीच दिसतात.

लाल भाताची कापणी साधारण जुलैत होते. लोंब्या अजूनही पुष्कळ जण बोटात धरायच्या छोट्या पात्याने एकेक करून कापतात, पेंढ्या बांधतात आणि खांबांवरच्या कणगीत रचतात. मग शेतं रिकामी राहतात. तेवढ्यात सुबाकची बैठक होते आणि पुढच्या पाण्याची तारीख ठरते. आता त्या बैठकीत पार्किंगचाही विषय असतो.