देवाची जमीन आणि वहिवाटदाराची सही

गावोगावच्या देवळांना पूर्वी राजेरजवाड्यांनी व भाविकांनी जमिनी दिल्या, त्या दिवाबत्ती, नैवेद्य, पूजाअर्चा व उत्सव अखंड चालावेत म्हणून. जमीन देवाच्या नावे. पण देव काही चावडीवर जाऊन शेतसारा भरत नाही, की कुळाला पावती देत नाही. ते काम वहिवाटदाराचे. मग देवाच्या वतीने त्याची सही कुठवर चालते?

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. अज्ञान मालकाचा कारभारी, गरज असेल किंवा मिळकतीचे हित असेल तरच ती गहाण टाकू शकतो, असे १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या दाव्यात ठरले. १८७५ साली तोच न्याय देवस्थानच्या कारभाऱ्यास लागू झाला. देव कायद्याने मालक, पण अज्ञान बालकासारखा. म्हणून कारभाऱ्याने त्याचे हित पाहावयाचे. १८८७ साली डाकोरच्या देवस्थानच्या दाव्यात मुंबई हायकोर्टाने सेवकांना विश्वस्ताप्रमाणे जबाबदार धरले.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले. पुढे १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आला. त्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यासाची जमीन विकता, बदलून किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देण्यासही मंजुरी लागते. १९६९ साली पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती स्थापन झाली. अंबाबाई व जोतिबासह कोल्हापूर, सांगली व सिंधुदुर्ग भागातील तीन हजारांवर देवळांचा कारभार तिच्याकडे आला.

वहिवाट पिढ्यान् पिढ्या एकाच घरात राहिली, की कागदावर देवाचे नाव मागे पडून वहिवाटदाराचे पुढे येण्याचा धोका असतो. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले की, मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव असावे. पुजारी हा देवाच्या वतीने व्यवस्था पाहणारा सेवक होय.

यात कोणा वहिवाटदाराचा अवमान नाही. पदरमोड करून ज्या घराण्यांनी देवापुढचा दिवा विझू दिला नाही, त्यांचे ऋण गावावर आहेच. परंतु नवे शिखर उभे राहिल्यावर त्याखालची पूजा चालावयाची ती जमिनीच्या उत्पन्नावर आणि देणगीदारांच्या विश्वासावर. म्हणून ग्रामस्थांनी वर्षातून एकदा, उत्सवाचा हिशेब वाचताना, देवाचा सातबाराही सर्वांसमक्ष वाचावा.