खासबाग ते नेहरूनगर

बाल्टिमोरला असणारा माझा भाचा मागे एकदा फोनवर म्हणाला, "मामा, तुमच्या पिंपरीत भर मध्यावर एक झकास स्टेडियम बांधायला सांगा. बघा एरिया कसा उठतो ते!" त्याच्या डोळ्यासमोर त्याच्या गावचा दाखला होता. तिथे जुन्या रेल्वे यार्डाच्या जागेवर १९९२ साली कॅमडेन यार्ड्स नावाचं बेसबॉलचं मैदान उघडलं. शेजारचं रेल्वेचं लांबलचक विटांचं गोदाम पाडलं नाही, मैदानालाच जोडून घेतलं. मग काय, अमेरिकेत गावोगावी 'डाउनटाउन'मध्ये मैदानं बांधायची टूमच निघाली.

मी म्हटलं, बांधू की, पण पिंपरीचा मध्य कुठला ते आधी सांग!

यात थट्टा थोडी आणि खरं जास्त. पुण्याला पेठा आहेत, कोल्हापूरला पेठा आहेत, साताऱ्याला राजवाडा आहे. आमच्याकडे काय? पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही मुळात वेगवेगळी गावं. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, मागोमाग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहानमोठे कारखाने. १९७० साली अण्णासाहेब मगरांच्या पुढाकाराने या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. म्हणजे शहर आधी कागदावर झालं आणि मग जमिनीवर. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, कुठून कुठून माणसं आली, कंपनीच्या बसमध्ये बसली, शिफ्ट करून घरी आली. आमचं कुटुंब तसंच कोल्हापुराकडून आलेलं. संत तुकाराम नगरात म्हाडाच्या खोलीत राहायला आल्यावर आईचा पहिला प्रश्न होता म्हणे, "देवीच्या देवळाकडं कुठनं जायचं?" 'देवळाकडं' म्हणजे गावात, बाजारात, माणसांत. वडिलांना उत्तर देता आलं नाही. आज पाहुण्यांनी "तुमच्या गावात फिरायला कुठे जायचं?" असं विचारलं तर मलाही चटकन देता येत नाही.

पण मैदानाने गावाचं मध्य उजळतं हा शोध काही अमेरिकेचा नव्हे. आमच्या कोल्हापुरात तो शंभर वर्षांपूर्वी लागलेला आहे. (कोल्हापूरकर सगळ्याच बाबतीत असं म्हणतात, पण या बाबतीत ते खरं आहे.)

शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं वर्तुळाकार प्रेक्षागार पाहिलं आणि ते डोक्यात घेऊन परतले. जाता जाता सांगतो, मागासवर्गीयांना संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा प्रसिद्ध जाहीरनामा करवीर गॅझेटात आला तो २६ जुलै १९०२ ला, म्हणजे महाराज परदेशात असतानाच. एका माणसाच्या एका दौऱ्याच्या आगेमागे केवढं काय घडावं! असो.

खासबागेचं काम १९०७ मध्ये सुरू झालं आणि १९१२ मध्ये मैदान तयार झालं. नावातच आहे, ही सरकारवाड्याची खास बाग. आता यातली गोम पाहा. महाराजांना जागेची काय वाण होती? शहराबाहेर माळ पडले होते, फुकटात चौपट जागा झाली असती. पण त्यांनी मैदानाला दिली ती राजघराण्याची, भवानी मंडपापासून आणि अंबाबाईच्या देवळापासून चालत काही मिनिटांवर असलेली जागा. गावातली सगळ्यात चांगली जमीन पैलवानांना आणि त्यांना बघायला येणाऱ्या शेतकऱ्यांना!

बांधणीही साधी आणि हुशार. मध्ये उंचावर कुस्तीचा हौद आणि भोवताली गोलाकार, उतरत आलेली बैठक. त्यामुळे कुठेही बसा, पुढच्याच्या फेट्याआडून माना वाकड्या न करता कुस्ती दिसते. मी लहानपणी मे महिन्याच्या सुटीत आजोबांबरोबर तिथे गेलो आहे. आमचं घर बिंदू चौकाच्या अंगाला. आजोबांबरोबर चालत निघायचं, वाटेत त्यांना दहा माणसं भेटायची, प्रत्येकाशी आजच्या जोडीवर चर्चा. हलगी-घुमक्याचा आवाज भवानी मंडपापासूनच ऐकू यायला लागायचा आणि आजोबांची पावलं आपोआप भरभर पडायची. मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. घिस्सा म्हणजे काय आणि ढाक म्हणजे काय हे आजोबा सांगायचे तोवर कुस्ती निकालात निघालेली असायची! मला आठवतो तो मातीचा वास. तांबड्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर मुरवलेला असतो, तो वास. आणि आठवतं ते कुस्त्या सुटल्यावरचं. कोणी घरी जायचंच नाही! मिरजकर तिकटीपासून देवळापर्यंत नुसती माणसं. मिसळ, भेळ, दूध कट्टा, कोणी पोराला चप्पल घेतंय, कोणी बायकोला पातळ. खेड्यातून आलेला माणूस कुस्तीच्या निमित्ताने देवदर्शन करायचा आणि देवदर्शनाच्या निमित्ताने खरेदी.

महाराज नुसतं मैदान बांधून थांबले नाहीत, हे महत्त्वाचं. मैदानाच्या पाठीला पाठ लावून १९१३ ते १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं. तेच पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह. एका बाजूला कुस्ती, दुसऱ्या बाजूला संगीत नाटक. आणि दोन्हींच्या भोवती पेठापेठांतल्या तालमी. मोतीबाग तालीम काय, गंगावेस तालीम काय, त्या आधीपासून होत्या किंवा राजाश्रयाने वाढल्या. मैदान मोठ्या कुस्त्यांपुरतं गजबजायचं, तालीम रोज पहाटे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवणारे खाशाबा जाधव गोळेश्वरचे, पण कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले आणि इथल्या मातीत मुरले. त्यांना हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. मोतीबागेचे दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले. कोल्हापूरचं फुटबॉल बघितलंत तर तिथेही संघांची नावं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशीच. चेंडू विलायती, पण संघ तालमीचा!

म्हणून मला नेहमी प्रश्न पडतो, खासबागेने पेठ जगवली की पेठेने खासबाग? माझ्या मते दुसरं जास्त खरं. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली स्टेडियमांच्या हिशेबावर एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं असं की, सरकारी पैशातून बांधलेली मैदानं सांगितली जाते तेवढी भरभराट आणत नाहीत. कारण सरळ आहे. गावातला माणूस सामन्याला जो पैसा घालवतो, तो नाहीतर त्याच गावात सिनेमाला नि हॉटेलात घातलाच असता. पैसा नवा येत नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, तुम्ही फार वाचता!" पण कोल्हापूरला हा हिशेब पुरता लागू पडत नाही, कारण तिथे माणूस मुळात बाहेरगावाहून यायचा, आणि आल्यावर त्याला आणखी चार कामं त्याच आवारात होती.

आता आपल्याकडे काय झालं ते बघू. पुण्याचं नेहरू स्टेडियम स्वारगेटला, सारसबागेच्या शेजारी. २९ फेब्रुवारी १९९६ ला वर्ल्ड कपमध्ये केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं ते इथेच! एसटीतून उतरून माणूस चालत मॅचला जात होता. तिथला शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना २००५ मध्ये झाला. मग १ एप्रिल २०१२ ला गहुंज्याचं स्टेडियम उघडलं. मायकेल हॉपकिन्ससारख्या नामांकित ब्रिटिश वास्तुविशारदाचं काम, दिसायला देखणं, सदतीस हजारांहून जास्त माणूस बसेल एवढं. २०२३ च्या वर्ल्ड कपचे पाच सामने तिथे झाले. पण ते आहे एक्सप्रेसवेच्या कडेला. मॅच संपली की माणसं लोंढ्याने बाहेर पडतात ती आपली गाडी शोधायला. मी स्वतः एकदा तिथून घरी पोचायला मॅचच्या एका डावाएवढा वेळ घेतला आहे. वाटेत चहा प्यावा म्हटलं तर पाय टेकायला जागा नाही. नागपूरचंही तेच. सिव्हिल लाइन्समधलं मैदान सोडून २००८ मध्ये कसोटी क्रिकेट वर्धा रोडवर जामठ्याला गेलं.

मुंबईने मात्र हा घोटाळा केला नाही. ब्रेबॉर्न १९३७ मध्ये समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर बांधलं. पुढे क्लब आणि असोसिएशन यांचं तिकिटांवरून भांडण विकोपाला गेलं आणि १९७४ मध्ये वानखेडे उभं राहिलं, तर तेही हाकेच्या अंतरावर. म्हणजे भांडून वेगळं व्हायचं झालं तरी चर्चगेट स्टेशन सोडायचं नाही! नवी मुंबईत नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियमही लोकलच्या टप्प्यात आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी तिथेच वर्ल्ड कप जिंकला.

राहता राहिलं आमचं नेहरूनगर. अण्णासाहेब मगरांच्याच नावाचं स्टेडियम इथे आहे. शेजारी मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सीनियर पुरुषांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा तिथे झाली, हे आमच्याच बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. मगर स्टेडियम मात्र आता सगळ्यांना माहीत आहे, पण ते खेळामुळे नाही. २०२० साली कोरोनात तिथे जंबो हॉस्पिटल उभं केलं, सुमारे ८०० खाटांचं. वायसीएम अपुरं पडत होतं आणि मोकळी, सपाट, रुग्णवाहिका थेट आत जाईल अशी जागा शहरात हीच होती. आमच्या मजल्यावरचे काका तिथे बारा दिवस होते. काकू रोज गेटपर्यंत डबा घेऊन जायच्या, आत सोडत नसत, तरी जायच्या. काका बरे होऊन आले. त्यांच्या समोरच्या खाटेवरचे गृहस्थ आले नाहीत. काका अजून त्या रस्त्याने जाताना रिक्षात गप्प होतात. मैदान भर वस्तीत असण्याचा असाही एक उपयोग असतो, तो कुठल्या नकाशात लिहिलेला नसतो.

आणि आता माझा आवडता छंद, म्हणजे अंतरं मोजणं. आमच्या घरातून आचार्य अत्रे रंगमंदिर पाच मिनिटं. वायसीएम तेवढंच. डी. वाय. पाटील कॉलेजची पोरं तर दिवसभर रस्त्यावर असतातच. वल्लभनगरचं एसटी स्टँड दहा मिनिटांवर. मार्च २०२२ पासून मेट्रोचं संत तुकाराम नगर स्टेशनही आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून तीच मेट्रो थेट स्वारगेटला जाते. दोन्ही स्टेडियमं इथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. कोल्हापुरात महाराजांनी मैदानाला मैदान, नाटकाला थिएटर आणि दोन्हीला पेठ जोडून दिली. इथे ते सगळं सामान आपोआप एका आवारात येऊन पडलंय, फक्त एकमेकांकडे पाठ करून. रंगमंदिरातून बाहेर पडलेला माणूस स्टेडियमकडे चालत जाईल असा धड फुटपाथ नाही, सावली नाही, वाटेत बसायला कट्टा नाही. एमआयडीसीच्या भिंतीकडेने संध्याकाळी बायाबापड्या जायला नको म्हणतात.

मगर स्टेडियमचं पुढे काय करावं याची चर्चा आमच्या कट्ट्यावर अधूनमधून निघते. कोणी म्हणतं गहुंज्यासारखं भव्य बांधा, कोणी म्हणतं मॉल काढा आणि वर मैदान ठेवा. मला विचाराल तर (कोणी विचारत नाही!) आधी भिंतीला चार दरवाजे पाडा आणि ते पहाटे पाच ते रात्री दहा उघडे ठेवा. एका कोपऱ्यात तांबड्या मातीची तालीम, एका कोपऱ्यात कबड्डीचं मैदान. भोसरीच्या पोरांना कबड्डी शिकवायला लागत नाही. बाहेरच्या अंगाला गाळे काढा, पण ते रस्त्याकडे तोंड करून. खुर्च्या आणि छप्पर शेवटी बघू.

खासबागेचंही सगळं आलबेल आहे असं नाही. मोठी मैदानं पूर्वीसारखी भरत नाहीत, पोरं मॅटवर गेली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, खासबागेच्या व्यासपीठाकडची बाजूही जळाली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. माझ्या आत्याचा फोन आला, ती ऐंशीची आहे, आयुष्यात तिने एकही कुस्ती बघितलेली नाही, कारण तिच्या काळी बायका जात नसत. ती फोनवर रडत होती. म्हणाली, "आमच्या गल्लीतली सगळी माणसं रात्रीच तिकडं पळाली रे. विझवायला काय येतंय कुणाला, नुसती उभी होती."