कोणाचा प्रश्न? फिलामेंट, बॅटरी आणि एक खोडलेलं वाक्य

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं. सुरुवातीला व्हॉल्व्हच्या फिलामेंट बॅटरीवर चालत, मग एसी आलं, आणि शेवटी आधुनिक डीसी रेग्युलेटरने प्रश्न कायमचा सुटला. सरांनी त्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: "कोणाचा प्रश्न?"

आजची पोस्ट त्या दोन शब्दांवर. पीएचडीची तयारी करत असाल तर वाचा, कारण असं वाक्य तुम्हीही लिहिणार आहात.

आधी थोडं यंत्राबद्दल. व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. जुन्या ट्रायोडमध्ये फिलामेंट हीच कॅथोड. म्हणजे ग्रिडवरचा सिग्नल ज्या बिंदूच्या तुलनेत मोजायचा, तो बिंदू हीच. तिला एसी दिलं की तो आधारबिंदूच आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा, अमेरिकेत ६० वेळा हलतो, आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो. त्याला हम म्हणतात, आपणही तेच म्हणू.

१९२० च्या दशकातल्या अमेरिकन रेडिओला म्हणून तीन बॅटऱ्या लागत. 'ए' फिलामेंटसाठी, 'बी' प्लेटसाठी, 'सी' ग्रिड बायससाठी. २०१-ए या व्हॉल्व्हला ५ व्होल्ट आणि पाव अँपिअर लागे. 'ए' बॅटरी ६ व्होल्टची, गाडीत असते तशी अ‍ॅसिडची, आणि ती दिवाणखान्यात ठेवायची! वरचा १ व्होल्ट खाण्यासाठी पॅनेलवर रिओस्टॅटची मूठ असे. बॅटरी उतरत गेली की ऐकणाऱ्याने मूठ थोडी फिरवायची. पहिला फिलामेंट रेग्युलेटर म्हणजे माणसाचा हात, असं मी मोठ्या खुशीत लिहून टाकलं होतं.

तेही अर्धंच खरं निघालं. हायड्रोजन भरलेल्या काचेच्या नळीत लोखंडाची बारीक तार ठेवली, तर तापल्यावर तिचा रोध झपाट्याने वाढतो आणि करंट जवळपास स्थिर राहतो. ही युक्ती रेडिओच्याही आधीची, नर्न्स्टच्या दिव्यातली. फिलामेंटचा करंट आपोआप सांभाळणाऱ्या काडतुसासारख्या नळ्या १९२० च्या दशकातल्या रेडिओंमध्ये बसत होत्या. स्थिर करंटने फिलामेंट चालवणं हा ट्रान्झिस्टरयुगाचा शोध आहे, असं मी धरून चाललो होतो. सर्किटमध्ये ती नळी मला दिसत होती, पण मी तिला नुसता रोध समजून पुढे गेलो.

आता १९२७. आरसीएचा रेडिओला १७ घ्या. विजेवर चालणारा सेट, 'ए' बॅटरी गेली. पण कशी? सुरुवातीच्या टप्प्यांत २२६ व्हॉल्व्ह: फिलामेंट जाड, १.५ व्होल्ट, १.०५ अँपिअर. व्होल्टेज कमी म्हणून हम कमी, आणि तार जाड म्हणून तिचं तापमान ६० हर्ट्झमागे धावत नाही. डिटेक्टर मात्र फार नाजूक, म्हणून तिथे २२७, ज्यात हीटर वेगळा आणि कॅथोड वेगळी. शेवटी १७१-ए, साध्या फिलामेंटचा आणि थेट एसीवर, कारण त्याच्यापुढे आवाज वाढवणारं काही उरलेलंच नाही. एका लाकडी पेटीत एकाच प्रश्नाची तीन उत्तरं. प्रत्येक जागी हम किती चालेल, हे कोणीतरी हिशोबाने ठरवलेलं. त्या काळचे स्पीकर ६० हर्ट्झ धड वाजवतही नसत, तोही हिशोबाचाच भाग.

म्हणजे घरच्या श्रोत्याचा प्रश्न हम नव्हता, बॅटरी होता. टेलिफोन कंपनीचं उलट. न्यूयॉर्क ते सॅनफ्रान्सिस्को लाइन १९१५ साली सुरू झाली ती व्हॉल्व्हच्या रिपीटरवर. रिपीटर एकामागोमाग एक असले की प्रत्येकाचा हम पुढच्याच्या खात्यात जमा होतो. शिवाय बॅटऱ्या सांभाळायला तिथे पगारी माणसं. तिथे डीसी गेलंच नाही.

इथपर्यंत सगळं कागदावरून. एक गोष्ट मात्र कळत नव्हती: 'ए' बॅटरीबरोबर 'सी' बॅटरीही का गेली? तिचं उत्तर माझ्या चुकीतून मिळालं.

एका मित्राचे दोन ३००-बी उसने घेऊन मी डीसी रेग्युलेटर बांधायला बसलो. हा व्हॉल्व्ह १९३८ चा, फिलामेंट ५ व्होल्ट, १.२ अँपिअर. पहिली ठोकर लगेच. ट्रान्सफॉर्मरचं ५ व्होल्टचं वाइंडिंग पुरत नाही. शिखर ७ व्होल्ट, त्यातले जवळपास २ ब्रिजचे डायोड खातात, रेग्युलेटरला काही उरत नाही. ९ व्होल्टचं वाइंडिंग घेतलं. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावूनही रिपल १ व्होल्टच्या आसपास. एलएम३१७ स्थिर करंटवर, १.२५ भागिले १.२ म्हणजे साधारण १ ओहम. एकूण ६ वॅट उष्णता, फिलामेंट खाते तेवढीच. हीटसिंक मोठाच घ्या.

करंट स्थिर ठेवायचा, व्होल्टेज नाही, याला दोन कारणं. थंड फिलामेंटचा रोध फार कमी असतो, तेव्हा सुरुवातीचा झटका टळतो. आणि सिग्नलचा करंट याच फिलामेंटमधून जातो. व्होल्टेज रेग्युलेटर त्याला सप्लायकडे सोपी वाट देतो, करंट रेग्युलेटर ती वाट बंद करतो.

मग चूक. पैसे वाचवायला मी एकाच कच्च्या सप्लायवरून दोन रेग्युलेटर काढले, दोन्ही फक्त प्लसच्या तारेत. मायनस दोघांचा एकच. फिलामेंट हीच कॅथोड, म्हणजे दोन्ही कॅथोड जोडल्या गेल्या, त्यांचे बायसचे रोधही समांतर झाले. एक व्हॉल्व्ह जास्त करंट ओढायला लागला, प्लेटवर लालसर झाक दिसली. मी स्विचकडे धावलो.

हात थरथरत होते, पण उत्तर समोर होतं. एकच 'ए' बॅटरी असली की सगळ्या कॅथोड एकाच पातळीला बांधलेल्या. मग कॅथोडच्या रोधातून प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा बायस देता येत नाही, तो ग्रिडच्याच बाजूने द्यावा लागतो. म्हणून 'सी' बॅटरी. फिलामेंटला स्वतंत्र वाइंडिंग मिळालं, किंवा २२७ सारखी वेगळी कॅथोड आली, की प्रत्येकाला आपापला रोध लावता येतो आणि 'सी' ची गरज संपते. ज्याला ही समज आधीपासून आहे तो हसेल, पण मी दोन महिने जुनी मासिकं चाळत होतो.

आणि ते २२६. खास एसीसाठी घडवलेला व्हॉल्व्ह. आजचे हौशी लोक त्यापासून प्रीअँप्लिफायर बनवतात आणि फिलामेंटला देतात डीसी, कारण पुढे दमदार अँप्लिफायर आणि ६० हर्ट्झ सहज वाजवणारे स्पीकर आहेत. व्हॉल्व्ह तोच, हमही तोच, फक्त ऐकणारा बदलला.

ते वाक्य आता खोडलंय, त्याच्या जागी चार पानं आहेत. सरांनी ती वाचून नवी खूण केली आहे: बोलपटाच्या थिएटरांमध्ये फोटोसेलपुढच्या पहिल्या टप्प्याला बॅटरी का टिकली, ते वेगळं लिही. सध्या तेच चाललंय.

मित्राचे ३००-बी परत केले. दोन्ही शाबूत आहेत, तपासून दिले.